पुढून ये

आमच्या भागात पत्ता सांगायची एक रीत आहे. जे नाही, त्याच्यावरून सांगायचा.

"वखारीपाशी उतरा," असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. लाकडाची वखार कधीच गेली, तिथे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. "मग मोठ्या झाडाखालून सरळ या." ते झाड रस्ता रुंद करताना तोडलं. "पुढे पिवळी भिंत लागेल." भिंत निळी आहे. मधली काही वर्षं ती गुलाबी होती, तेव्हाही आम्ही तिला पिवळीच म्हणायचो. "आणि पंपापाशी आलात की कुणालाही विचारा, पत्रेवाल्यांचं घर कुठलं." हातपंप उपटून नेला त्यालाही युग लोटलं.

आमचं स्वतःचं ह्यात काही अडत नाही. अडतं ते पार्सल आणणाऱ्यांचं. ते बिचारे भर उन्हात उभे राहून फोन करतात, "काकू, मी नेमका कुठे आहे?" मी त्यांना आजूबाजूला काय दिसतंय ते विचारते आणि सांगते, "अरे, झाडाखालीच आहेस की! असाच पुढे ये." 

"आई, तुम्ही लोक कुठल्याच नकाशात राहत नाही," लेक म्हणते. ती शाळेत शिकवते आणि पोरांची नाटकं बसवते, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्टीत दोष दिसतो.

पत्रेवाले म्हणजे आमचे हे. बादल्या, नरसाळी, धान्याच्या कोठ्या, झाडांना पाणी घालायच्या झाऱ्या, पत्र्याचं जे म्हणाल ते करून देतात. प्लॅस्टिकनं हा धंदा कधीच खाल्ला, पण ते ह्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. आमचं घर म्हणजे एक लांबलचक खोली आणि तिच्या कडेला चिकटलेल्या दोन लहान. लांब खोलीच्या एका टोकाला रस्ता आणि दुकानाचं दार, दुसऱ्या टोकाला ह्यांचं कामाचं बाक. आणि बाकाच्या मागे, जिथे भिंत असायला हवी, तिथे चौकटीत ठोकलेला एक मोठा पत्रा.

ह्या पत्र्यानं माझा निम्मा जन्म खाल्लाय. थंडीत त्याच्या फटींतून वारा येतो आणि माझे गुडघे धरतो. पावसात तो असा वाजतो की घरात कुणी बोललेलं ऐकू येत नाही. म्हणजे मी बोललेलं. "गवंड्याला बोलवा आणि एकदाची भिंत घाला," मी म्हणते. "पुढच्या आठवड्यात," हे म्हणतात. तो गवंडी म्हातारा झाला, त्याचा मुलगा गवंडी झाला, त्या मुलाचेही केस पिकायला लागले, पण पुढचा आठवडा काही उजाडला नाही. लोकांच्या बादलीला सुईएवढं भोक राहू न देणारा हा माणूस, आणि स्वतःच्या घराला हे एवढं भगदाड!

तर एके सकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि फोन वाजला.

"मी बोलतोय," पलीकडून आवाज आला.

'मी बोलतोय' म्हणणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण एवढ्या तोऱ्यात म्हणणारी मला दोनच माहीत आहेत. त्यातलं एक माझ्या मागे, आत बाकावर बसून पत्रा कापत होतं.

"भाऊजी?" मी म्हटलं. माझ्या हातातला ओला टॉवेल खाली पडला.

"हं. मी मुलाकडे राहायला चाललोय. कायमचा. पार त्या टोकाला. वाटेत तुमचं गाव लागतं. रविवारी दुपारी उतरेन, संध्याकाळच्या गाडीनं पुढे जाईन."

"अहो, मग ह्यांना न्यायला पाठवते ना—"

"कुणीही न्यायला यायचं नाही. मी वाटेत कुणाला विचारणारही नाही. घर मला सापडलं तर येईन. नाही सापडलं, तर ते माझं राहिलेलं नाही असं समजेन आणि तसाच पुढे जाईन." आणि फोन बंद.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही धडधाकट होता.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. लेक रांगत होती तेव्हापासून त्यांनी ह्या घरात पाऊल टाकलेलं नाही. भांडण शेतीवाडीवरून किंवा दागिन्यांवरून झालं असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. ते झालं दारावरून. पूर्वी आमच्या घराचं तोंड मागच्या गल्लीकडे होतं; जिथे आता तो पत्रा आहे तिथे दार होतं. गल्लीपलीकडे ओढा. पुढच्या बाजूला नुसती भिंत. दोघे भाऊ एकाच बाकावर काम करायचे, भाऊजी पत्रा धरायचे आणि हे ठोकायचे. मग पुढचा रस्ता मोठा झाला, गाड्या वाढल्या, आणि हे म्हणाले, "दार पुढून काढू, गिऱ्हाईक आपसूक आत येईल." भाऊजी म्हणाले, "घराचं तोंड फिरवायचं नाही. बाबांनी केलंय तसंच राहू दे." ह्यावरून दोघे बरेच दिवस जेवताना एकमेकांना मीठसुद्धा माझ्यामार्फत मागायचे.

शेवटी भाऊजी कसल्याशा कामासाठी बाहेरगावी गेले. ते परत यायच्या आत ह्यांनी पुढची भिंत फोडली, नवं दार बसवलं आणि मागच्या चौकटीत पत्रा ठोकून टाकला. भाऊजी परत आले तर दार जागेवर नाही. त्यांनी पत्र्यावर थाप मारली. हे आत ठोकत बसले होते, त्यांना ऐकू गेलं नाही. भाऊजी मारत राहिले. बऱ्याच वेळानं ऐकू गेलं, तेव्हा ह्यांनी हातातलं काम न सोडता ओरडून सांगितलं, "पुढून ये!"

भाऊजी पुढून आले नाहीत. त्यांनी दुसऱ्या गावी कारखान्यात नोकरी धरली. थोरल्या भावाला 'पुढून ये' म्हणणं आणि 'चालता हो' म्हणणं ह्यात फरक काय, असं त्यांनी कुणाकडे तरी बोलून दाखवलं. फरक पुष्कळ आहे, असं ह्यांनी कुणाकडे तरी बोलून दाखवलं. त्यानंतर दोघांत बोलणं झालंच नाही.

"भाऊजी येताहेत," मी आत जाऊन सांगितलं. सापडलं तर, नाही सापडलं तर, ते सगळं सांगितलं.

ह्यांनी कातर खाली ठेवली. पुन्हा उचलली. "येऊ दे. नाहीतर न येऊ दे," ते म्हणाले. "मला रविवारी काम आहे. नर्सरीवाल्या बाईंची झारी पुरी करायची आहे."

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! झारी त्यांच्यासमोर तयार होऊन पडली होती.  पण रात्री जेवताना भाताचा घास हातात धरून ते बराच वेळ बसले होते. आता नाही तर परत कधी नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

आता खरी पंचाईत. भाऊजी कुणाला विचारणार नाहीत. त्यांना माहीत आहे ती वखार, ते झाड, ती पिवळी भिंत आणि तो पंप. ह्यातलं काहीही जागेवर नाही. ज्या खुणांवर आम्ही सगळ्या जगाला वेठीला धरलं, त्या खुणा नेमक्या ज्याला चालल्या असत्या तोच माणूस येत होता, आणि दाखवायला एकही शिल्लक नव्हती.

लेकीनं दोन घोट चहा घेईपर्यंत विचार केला. "वस्तू नाहीत तर नाहीत," ती म्हणाली. "माणसं उभी करू."

"म्हणजे?"

"नाटकात झाड कुठे खरं असतं, आई? एक पोरगं उभं करतो आणि प्रेक्षकांना कळतं."

शनिवारी संध्याकाळी आमच्या दुकानाच्या पायरीवर बैठक भरली. सुतार आला, सायकलवाला आला, शिंपीणबाई आल्या. सायकलवाला भाऊजींचा लहानपणचा जोडीदार. उंच आणि काटकुळा, म्हणून त्याला लगेच झाड केलं.

"मी एवढं मोठं झाड दिसेन का?" त्यानं विचारलं.

"हिरवी छत्री घे," लेक म्हणाली.

सुतारानं वखारीची जागा सांभाळायची, मोबाइलच्या दुकानापुढे फळ्या रचून. शिंपीणबाईंनी निळ्या भिंतीवर पिवळं कापड पसरून पिवळी भिंत व्हायचं. मी बादली घेऊन पंपाच्या जागी. भाऊजी पंपापाशी आले की मी काही बोलायचं नाही, कारण विचारायचं-सांगायचं नाही अशी अट; नुसतं चालायला लागायचं आणि ते मागून येतील.

"आणि बाबा? तुम्ही कशाच्या जागी उभे राहाल?" लेकीनं आत वाकून विचारलं.

"मी माझ्या जागी बसेन," आतून उत्तर आलं. त्यावर आम्ही त्यांना पुढे काही विचारलं नाही. नाकावर माशी बसू न देणाऱ्या माणसाला विचारायचं तरी काय?

रविवारी सकाळपासून ठोकणं सुरू झालं. एरवी ह्यांचा हात थांबून थांबून चालतो; ठोकायचं, बघायचं, विडी नाही म्हणून सुपारीचं खांड तोंडात टाकायचं, पुन्हा ठोकायचं. त्या दिवशी ठक ठक ठक, नुसतं चालूच. नर्सरीवाल्या बाई झारी न्यायला आल्या तर म्हणाले, "अजून व्हायची आहे." त्या माझ्याकडे बघायला लागल्या. परवा ह्याच झारीत त्यांनी पाणी भरून बघितलं होतं.

"असेल काही राहिलेलं," मी म्हटलं. माझ्या डोक्याला दुसरे ताप होते.

दुपारी सगळे जागेवर आहेत की नाही ते बघायला मी वखारीपासून पंपापर्यंत चालत निघाले. सुतारानं फळ्या छान रचल्या होत्या, फक्त अडचण अशी की एका बाईंनी त्यातल्या दोन पसंत केल्या होत्या आणि त्या हटून बसल्या होत्या. "विकायच्या नाहीत मग मांडल्या कशाला?" त्या म्हणत होत्या. सुतार घायकुतीला येऊन म्हणत होता, "बाई, ही वखार नाही हो!" आणि मग घाईनं, "म्हणजे आज आहे, पण विकायची नाही."

पुढे सायकलवाला हिरवी छत्री उघडून ताठ उभा होता. त्याच्या मागे एक आजोबा उभे होते. त्यांच्या मागे पिशवी घेतलेली एक मुलगी. तिच्या मागे आणखी दोघं.

"हे कोण?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मी झाड आहे," सायकलवाला ओठ न हलवता म्हणाला.

इतक्यात शहरात फिरणारी लाल बस आली. ड्रायव्हरनं रांग बघितली आणि बस चक्क थांबवली. सगळे चढले. आजोबांनी झाडाला विचारलं, "तुम्ही नाही येत?" झाडानं मान हलवली. बस निघून गेली, आणि लगेच नवीन रांग धरायला सुरुवात झाली.

शिंपीणबाईंचं पिवळं कापड वाऱ्यानं सारखं उडत होतं म्हणून त्या स्वतःच हात पसरून भिंतीला टेकल्या होत्या. "लवकर या म्हणावं," त्या म्हणाल्या. "भिंतीचे खांदे दुखायला लागले."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग ते पाणी थांबेचना.

त्याचं असं झालं, की ह्या रस्त्यानं मी रोज जाते, पण पिशवीकडे बघत. त्या दिवशी पहिल्यांदा मी नसलेल्या गोष्टी शोधत चालले होते आणि मला त्या सगळ्या दिसायला लागल्या. ह्याच पिवळ्या भिंतीच्या सावलीत लग्नाआधी मी आणि हे पहिल्यांदा बोललो होतो. म्हणजे मी बोलले होते, ह्यांनी भिंतीचा रंग खरवडला होता. वखारीत लाकडाच्या ढिगावर बसून मी एकदा रडले होते, का ते आता आठवतही नाही, पण भुशाचा वास आठवतो. पंपाच्या ओट्याला धरून लेक पहिल्यांदा उभी राहिली. मला आपलं वाटायचं, माझ्या आयुष्यात घडलंच काय? बादल्या आणि भांडी. पण एवढ्याशा रस्त्यात माझं सगळं आयुष्य मावलं होतं आणि मी त्यावरून रोज चालत होते. मला त्या क्षणी तो रस्ता फार आवडला. भाऊजींनी हे न बघता पुढे निघून जाऊ नये, असं मला मनापासून वाटलं.

मी बादली घेऊन पंपाच्या जागी उभी राहिले. दुपारची गाडी यायची वेळ झाली. झाली आणि टळली. ऊन उतरायला लागलं. सुतारानं शेवटी त्या दोन फळ्या देऊन टाकल्या. सायकलवाल्याच्या रांगेनं आणखी कितीतरी बस थांबवल्या. भाऊजींचा पत्ता नाही.

"आई," लेक एकदम माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता. "लांबच्या गाड्या वखारीपाशी थांबतात का?"

"म्हणजे काय? पहिल्यापासून—" मी म्हटलं, आणि तशीच थांबले.

लांबच्या गाड्या वखारीपाशी थांबत नाहीत. नवं स्थानक झाल्यापासून त्या तिकडेच थांबतात, ओढ्याच्या पलीकडे. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सुतार त्या स्थानकाच्या बाकड्यांचं काम करून आला होता! पण पाहुणा येणार म्हटल्यावर तो वखारीपाशीच उतरणार, हे आमच्या हाडांत इतकं बसलं होतं, की नसलेली वखार आणि नसलेलं झाड उभं करता करता आम्ही नसलेल्या थांब्यावरच वाट बघत बसलो होतो. लेकीलाही सुचलं नाही. नकाशाच्या गोष्टी सांगते, पण शेवटी आमचीच.

तिनं स्कूटर काढली आणि स्थानकावर जाऊन आली. गाडी दुपारीच येऊन गेली होती. पांढऱ्या केसांचा, ताठ मानेचा एक माणूस उतरला होता आणि कुणाला काही न विचारता चालायला लागला होता. कुठे गेला ते कुणी बघितलं नाही. संध्याकाळच्या गाडीला आता थोडाच वेळ राहिला होता.

सायकलवाल्यानं छत्री मिटली. शिंपीणबाईंनी कापडाची घडी घातली.  मी बादली घेऊन घराकडे निघाले, आणि दारापासूनच मला ऐकू आलं: ठक ठक ठक ठक.

माझा संताप संताप झाला. सगळा गाव दिवसभर झाड न् भिंत होऊन उन्हात उभा राहिला, आणि सख्खा भाऊ बसलाय झारी ठोकत! मी तरातरा ती लांब खोली चालून गेले.

"अहो!" मी ओरडले. ठक ठक. "अहो, ते येऊन गेले! त्यांना घर सापडलं नाही!" ठक ठक ठक. त्यांनी मान वर केली नाही. त्यांचे डोळे लाल झाले होते, तरी ठोकणं चालूच. झारीचं तर पार चपट्या परातीसारखं झालं होतं. मी पुढे झाले आणि हातोडी त्यांच्या हातातून हिसकावून घेतली.

"दे ती इकडे," ते घाबऱ्या आवाजात म्हणाले. "थांबवू नकोस."

दिवसभरात पहिल्यांदा घर शांत झालं. आणि त्या शांततेत बाकामागच्या पत्र्यावर थाप पडली.

आम्ही दोघं जागच्या जागी थिजलो. पुन्हा एक थाप. मग बाहेरून, दमलेल्या पण तोऱ्यातल्या आवाजात कुणीतरी विचारलं,

"पुढून येऊ का?"

हे ताडकन उठले. त्यांनी पत्र्यावर हात ठेवला.

"नको," ते म्हणाले. "नको, दादा. तिथेच थांब." आणि माझ्याकडे वळून, "अगं, बघत काय बसलीस? हातोडी दे!"

बाक ओढून बाजूला केलं. बाकावरचे डबे घरंगळत पार दुकानापर्यंत गेले. मला वाटत होतं, तो पत्रा सोडवायला रात्र होईल. पण ह्यांनी खालच्या कोपऱ्यात दोन ठोके घातले, छिन्नी सरकवली, आणि एकामागून एक खिळे असे निघून आले की जसे कालच ठोकले होते. त्यांना तेल दिलेलं होतं. एकाही खिळ्याला गंज नव्हता. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की गवंडी का येत नव्हता. ज्या माणसाला हे दार कायमचं बंद करायचं असतं, त्यानं भिंत घातली असती. ह्यांनी पत्रा लावला होता. इतकी वर्षं मी गुडघे चोळत ह्यांना आळशी म्हणत होते.

पत्रा बाजूला झाला. ओढ्यावरचं तिरपं ऊन थेट आमच्या लांब खोलीत शिरलं आणि पुढच्या दारापर्यंत गेलं. तिथे सुतार, शिंपीणबाई आणि छत्री काखेत मारलेला सायकलवाला तोंडं उघडी टाकून उभे होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो आम्ही ह्यांच्यासमोरच घातला होता.

चौकटीत भाऊजी उभे होते. केस पांढरे, पायांत धुळीनं माखलेले बूट, हातात छोटी बॅग.

"घर सापडलं म्हणायचं मग," मी डोळे पुसत म्हटलं. दुसरं काही सुचेना.

"सापडायला ते हरवलं कुठे होतं?" भाऊजी म्हणाले. "ओढ्यावरच्या पुलापासूनच ह्याचं ठोकणं ऐकू येत होतं. सरळ आलो ओढ्याच्या कडेनं. आम्ही लहानपणापासून दुसरीकडून कधी आलोय का?"

"मग वाजवलं का नाहीत?"

"वाजवलं नाही? दुपारपासून वाजवतोय! हात सुजला माझा! हा गाढव थांबेल तर ऐकू जाईल ना!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. "आणि तुम्हाला माहीत होतं ते मागून येणार म्हणून? आम्हाला सांगायचं नाही?"

"मला कुणी विचारलं?" हे म्हणाले. मग भावाकडे न बघता, हातातल्या छिन्नीकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, मी थांबलो आणि नेमका तेव्हाच तू पुलावर असलास तर?"

भाऊजींनी ह्यांच्याकडे नुसतं बघितलं.  ते काही बोलणार एवढ्यात पुढच्या दारातून नर्सरीवाल्या बाई गर्दीतून वाट काढत आत आल्या, बाकाखालची ती चपटी वस्तू त्यांनी उचलली आणि विचारलं, "ही माझी झारी?"

पहिल्यांदा भाऊजी हसले. मग हे. मग सगळ्यांनाच आवरेना. हसता हसता भाऊजींनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, झारी बाईंच्या हातातून घेतली, उजेडात फिरवून बघितली आणि म्हणाले, "ह्याला कधी एकट्याला नीट ठोकता आलंय? धरायला माणूस लागतं." त्यांनी बॅग खाली ठेवली, बाक ओढून जागेवर आणलं, आणि झारीचं तोंड दोन्ही हातांनी पक्कं धरून ह्यांच्यासमोर बसले.

"काका, संध्याकाळची गाडी..." लेकीनं हळूच आठवण केली.

उघड्या दारातून गार वारा आला आणि सरळ माझ्या गुडघ्यांत शिरला. मी अवाक्षर काढलं नाही.

भाऊजींनी झारीवरून मान वर केली नाही. "जाईन की," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात."

आमच्या घरात पुढचा आठवडा कधी उजाडतो, ते मला चांगलं माहीत आहे. मी चहा टाकायला गेले.